मधला मजला

"आवाज वर जात नाही गं बाई, खाली उतरतो. घर घेशील तेव्हा कुणाच्या तरी डोक्यावर घे."

हे बोलणारी केव्हाच मातीला मिळाली. पण वहिनींनी रिकाम्या घरात पाऊल टाकलं की तो आवाज अजून कानाशी येऊन बसायचा. दातांत टाचण्या धरून बोलल्यासारखा, अर्धा ओठांतून, अर्धा नाकातून.

आताही तो आला. इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर, नव्या रंगाचा वास कोंडलेल्या त्या फ्लॅटमध्ये. एजंट किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत दाराशी उभा होता, आणि मुलगा हॉलच्या मधोमध दोन्ही हात पसरून.

"बघ आई. वर गच्ची. खालचा फ्लॅट कुलूपबंद. या अंगाला लिफ्टची खोली. कुणाची कटकट नाही."

"मालक परदेशात," एजंटनं भर घातली. "खालच्याचा मालकही परदेशात. काकू, या बिल्डिंगमध्ये मालक डोळ्यांना दिसत नाही, हाच तिचा मोठा गुण."

"आणि पाणी?"

"चोवीस तास. म्हणजे मोटर चालू असली की चोवीस तास."

मुलगा हसला. सून हसली नाही. पर्स पोटाशी धरून ती भिंतीलगत उभी होती.

मुलाची बदली या शहरात झाली होती आणि घर बघायला त्यानं मुद्दाम आईला बोलावून घेतलं होतं. स्टेशनवर उतरल्या उतरल्या वहिनींच्या हातातली पिशवी त्यानं काढून घेतली, रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्यास का विचारलं, आणि एजंटला अभिमानानं सांगितलं, "आमच्या आईला फसवून दाखव. घराच्या बाबतीत ती डॉक्टर आहे."

ते खोटं नव्हतं. वहिनींचा नवरा कारखान्यांत मोठाले वजनकाटे बसवणारा मेकॅनिक. कंपनी पाठवील त्या गावी जायचं, तिथलं काम संपलं की बिऱ्हाड उचलायचं. घर शोधायचं काम वहिनींचं. हळूहळू कंपनीतल्या इतर बायकाही बदली झाली की आधी त्यांच्याकडे यायच्या. घरशोध्या वहिनी हे नाव त्यातूनच पडलं. वहिनी सांगायच्या: समुद्राकाठच्या शहरात जाणार असाल तर घर पावसाळ्यात बघा, दारं फुगतात, कड्या बसत नाहीत. थंडीच्या शहरात दुहेरी काचेच्या खिडक्या कौतुकाच्या वाटतात, पण एक तरी खिडकी जिन्यावर उघडणारी हवी. कारखान्याच्या गावात भोंग्यापासून लांब राहा. मोठ्या शहरात शेवटचा मजला नको, कोपऱ्याचं घर नको, मधला मजला घ्या. स्वयंपाकघराला दोन दारं असतील तर डोळे मिटून घ्या.

बायका माना डोलवायच्या. चोराचिलटांसाठी, ओलीसाठी, हवा खेळती राहावी म्हणून वहिनी असं म्हणतात, असं त्यांना वाटायचं. वहिनी ते तसंच वाटू द्यायच्या.

---

पहिल्या शहरातलं पहिलं घर नवऱ्यानं निवडलं होतं. त्यात चांगलं ते एवढंच की ते दुसऱ्या मजल्यावर होतं आणि खाली एक शिवणवाल्या मावशी राहायच्या.

नवऱ्याच्या पिशवीत एक लोखंडी लेव्हल असायची. पट्टीच्या पोटात काचेची नळी, नळीत हिरवं पाणी, पाण्यात बुडबुडा. काटा बसवताना बुडबुडा नेमका मध्ये यावा लागतो, केसभर इकडेतिकडे झाला की टनांचा फरक पडतो. कामाला ते ठीक होतं. नवरा ती लेव्हल घरातही काढायचा. खाटेवर ठेवायचा, टेबलावर ठेवायचा. वहिनींनी हौसेनं एक फळी भिंतीला ठोकली होती, डबे मांडले होते. संध्याकाळी तो आला, डबे बाजूला सारले, फळीवर लेव्हल ठेवली आणि बराच वेळ वाकून बघत राहिला.

"बुडबुडा कुठंय?" त्यानं विचारलं.

"जरासा डावीकडं आहे. डबे काही पडत नाहीत."

"मी विचारलं, बुडबुडा कुठंय?"

दुसऱ्यांदा उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर लोखंडाची पट्टी खांद्यावर उतरली होती. मग पाठीवर. मग त्यांचं कोपर धरून त्यानं त्यांना फळीशी नेलं आणि गाल फळीवर दाबून धरला, लेव्हलच्या अगदी शेजारी, म्हणजे बुडबुडा जवळून दिसावा. "आता दिसला?" तो म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी विचारताना डोकं जरा उचलून पुन्हा आपटत होता. डबे एकामागून एक खाली पडले. वहिनींना आठवतं ते इतकंच, की त्या वेळी त्यांना डब्यांचं वाईट वाटलं होतं.

तेव्हा खालून आवाज आला. ठक. ठक. ठक. कुणीतरी छताला काठी मारत होतं.

नवऱ्याचा हात वरच्या वर थांबला. चोरी पकडल्यासारखा तो दाराकडे बघत राहिला, मग लेव्हल फडक्यानं पुसून पिशवीत ठेवली आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी वहिनींना खाली बोलावून घेतलं. काही विचारलं नाही. शिवणाची मोठी कात्री पाण्यात बुडवून तिचं गार पातं गालाला लावून धरलं, आणि दातांतल्या टाचण्या न काढता ते आवाजाचं सांगितलं. मग मशीनवर बसल्या, पाय चालू लागले, आणि पायांच्या तालावर त्या पुटपुटू लागल्या:

भिंतीला गं सांगितलं, भिंत बोलेना काही
उंबऱ्याला सांगितलं, त्याला पाय फुटत नाही
शेजीला गं सांगू कशी, तोंड टाकलं शिवून
सुईदोरा माझ्या हाती, टाका घालते आतून

वहिनी ऐकत उभ्या राहिल्या. मावशींच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली होती, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

---

कारखान्याच्या गावातलं घर वहिनींनी स्वतः निवडलं, आणि तिथेच त्या चुकल्या. मधला मजला मिळाला. खालची जागा दुपारी बघितली तेव्हा उघडी होती, माणसं आत-बाहेर करत होती. नंतर कळलं, ते गोदाम होतं, संध्याकाळी त्याला कुलूप लागायचं. आणि रस्त्यापलीकडे पत्रा ठोकायचा कारखाना. घर बघितलं तो कारखान्याचा सुटीचा वार होता. राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी प्रेस सुरू झाला आणि कपाटातले कप एकमेकांवर वाजू लागले. त्या आवाजात स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे.

मुलगा तेव्हा लहान होता. टेबलाखाली घर-घर खेळायचा.

त्या दिवशी काटा चुकला म्हणून कारखान्यात साहेबानं नवऱ्याला चारचौघांत बोल लावले होते. घरी येऊन त्यानं वहिनींचे केस मुठीत धरले, मोरीपर्यंत ओढत नेलं आणि तोंड मोरीच्या दगडी काठावर आदळलं. पुढचा दात तुटून पाण्याबरोबर वाहत गेला. वहिनी ओरडल्या. पलीकडे प्रेस ओरडत होता. त्या आणखी जोरात ओरडल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की नवरा घाईत नाही. या घरात त्याला घाई करायचं कारणच नव्हतं.

तेवढ्यात ठकठक झाली. ठक. ठक. ठक.

नवऱ्याचा हात सवयीनं थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. खाली गोदाम होतं, गोदामाला कुलूप होतं. मग तो वाकला.

टेबलाखाली मुलगा बसला होता. हातात लाटणं. पहिल्या शहरात त्यानं पाहिलं होतं, जमीन वाजली की बाबा थांबतात. कोण वाजवतं, का वाजवतं, हे त्या वयात कुठून कळणार. ठकठकीतच काहीतरी जादू आहे असं त्याला वाटलं होतं. डोळे घट्ट मिटून तो फरशीवर लाटणं मारत होता.

नवरा मोठ्यानं हसला. आजवर वहिनींनी त्याला इतक्या मोकळेपणानं हसताना ऐकलं नव्हतं. त्यानं पोराच्या हातातून लाटणं काढून घेतलं, वजन करावं तसं तळहातावर तोललं. "हे फरशीवर नसतं मारायचं, बाळा," तो म्हणाला. "इकडे बघ." आणि वहिनींचा हात मोरीच्या काठावर पसरून धरला.

तीन बोटं मोडली. मुलगा बघत होता. बघ म्हटल्यावर बघायचं असतं, एवढं त्याला कळत होतं.

त्यानंतर त्यानं कधी जमीन वाजवली नाही.

पुढे थंडीच्या शहरात वहिनींनी ठरवून असं घर घेतलं की दोन बिऱ्हाडांमध्ये नुसती फळ्यांची भिंत. पलीकडे हॉस्पिटलातली एक नर्स राहायची, ती शिंकली तरी अलीकडे ऐकू यायचं. वहिनींना वाटलं, आता सुटले. पण नवराही काही बाळ नव्हता. तो हळू आवाजात मारायला शिकला. तोंडात टॉवेल कोंबायचा, आवाज न होणाऱ्या जागा शोधायचा: पोट, मांड्या, काखेखाली. आणि सुरुवात करण्याआधी पोराला म्हणायचा, "रेडिओ मोठा कर." मुलगा उठायचा, बटण फिरवायचा, परत जागेवर येऊन अभ्यासाला बसायचा. किती फिरवलं की पुरतं, ते त्याला नेमकं ठाऊक झालं होतं.

एकदा जिन्यात नर्सनं वहिनींना थांबवलं. चालताना त्या बरगडी धरून चालत होत्या, हे तिच्या नजरेतून सुटलं नसावं.

"काही सांगायचंय का?" तिनं विचारलं. "मी कुणाला बोलणार नाही. किंवा म्हणाल त्याला बोलेन."

"कपाटाचं दार लागलं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडं पाणी गार येतं का हो? आमच्याकडं फार गार येतं."

नर्सनं त्यांच्या बरगडीवरच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, गारच येतं." काही महिन्यांनी ती घर सोडून गेली.

आणि प्रत्येक नव्या शहरात, घरमालक विचारायचे, माणसं कशी आहात? वहिनी सांगायच्या, "आम्ही शांत माणसं." हे वाक्य इतक्या मालकांपुढे बोलून झालं होतं की जिभेवर त्याची पायवाट पडली होती.

नवरा शेवटी हृदय बंद पडून गेला, कारखान्यात, काट्याच्या प्लेटवर उभा असताना. रडायला आलेल्या बायकांना वहिनींनी चहा दिला. मुलगा शिकला, चांगल्या नोकरीला लागला. आवाज मऊ, बोलणं आदबीचं. दर महिन्याला आईच्या गोळ्या स्वतः आणून द्यायचा, डबीत वार बघून लावून ठेवायचा. बापाचं काही उचललं नाही पोरानं, असं वहिनी स्वतःला सांगायच्या. हे त्या बऱ्याचदा सांगायच्या.

---

"स्वयंपाकघर बघून घ्या काकू," एजंट म्हणाला. "बायकांचं आधी तेच असतं."

पण सून स्वयंपाकघराकडे गेलीच नाही. ती आधी बाथरूममध्ये गेली. दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग दारावर आतून खांदा टेकवल्याचा, एकदा, दोनदा. कडी निघाली. ती बाहेर आली आणि एजंटला हळूच म्हणाली, "ही कडी ढिली आहे. दुसरी बसवून मिळेल का? जरा जाड?"

"बाथरूमला जाड कडी?" एजंट हसला. "ताई, आत काय तिजोरी ठेवणार?"

सगळ्या बायकांना वहिनींनी हजार गोष्टी सांगितल्या होत्या, पण बाथरूमची कडी खांदा लावून बघायची असते हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ते त्यांचं एकटीचं होतं. या पोरीला ते कुणी शिकवलं?

मग त्या सुनेकडे बघत राहिल्या, आणि बघावं तितकं दिसत गेलं. मुलगा खिडकीशी गेला की सून दाराशी. तो मागे वळला की ती भिंत बदलायची. त्याच्याकडे न पाहता तो खोलीत कुठे आहे हे तिला कळत होतं, आणि दोघांमध्ये हातभर जास्तीचं अंतर ती सतत राखत होती. एखाद्या जुन्या नाचाची पावलं ओळखावीत तशी वहिनींनी ती ओळखली.

"मग घ्यायचं ना हे?" मुलानं विचारलं.

"मला नको वाटतं," सून म्हणाली. "फार उंच आहे. इथे कुणीच नाही."

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. "गच्ची बघू या का?" तो एजंटला म्हणाला.

"गच्चीची किल्ली खाली वॉचमनकडं. आलोच."

एजंट गेला. वहिनी नळ बघायला स्वयंपाकघरात वळल्या. त्यांनी नळ थोडा सोडला, बारीक धार, धारेखाली बोट धरलं.

रिकाम्या घरात थप्पड दोनदा ऐकू येते. एकदा गालावर, एकदा भिंतींवर. वहिनींनी दोन्ही ऐकल्या. मग धप्प. डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज, डबा पडतो तसा पोकळ नव्हे, ओल्या मातीसारखा भरीव. आणि त्या मऊ, आदबीच्या आवाजातलं बोलणं: "परक्या माणसासमोर नको म्हणायचं? हे ठरलंय ना आपलं? ठरलंय की नाही?" पुन्हा धप्प. "तोंडानं सांग."

"ठरलंय," सून म्हणाली.

वहिनींच्या हातानं नळ पूर्ण सोडला. त्यांनी सोडला नाही, हातानं सोडला. पाणी सिंकवर आदळू लागलं, साडीभर उडालं, आणि बाहेरचं काही ऐकू येईनासं झालं. त्या तिथे उभ्या राहिल्या. आपण काय करतोय हे त्यांना कळलं तेव्हा पाणी पायांपर्यंत आलं होतं.

नळ बंद करून त्या बाहेर आल्या. सुनेचा ओठ फाटला होता. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि रुमालानं भिंत पुसत होती. नव्या पांढऱ्या रंगावर लाल ठिपका पसरला होता, जितकं पुसावं तितका गुलाबी, मोठा.

"थुंकी लाव," मुलगा तिला शांतपणे सांगत होता. "नवा रंग आहे. डाग धरेल." मग आईला बघून म्हणाला, "दारावर आपटली. अंधारच आहे इथे."

बाहेर रखरखीत ऊन होतं आणि हॉलला तीन खिडक्या होत्या.

"हे घर नको," वहिनी म्हणाल्या. "पाण्याला दाब नाही."

"दाब नाही कसा? इथपर्यंत आवाज येत होता पाण्याचा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला कळलं की आईनं ऐकलंय. आईला कळलं की त्याला कळलंय. आणि त्याच्या नजरेत भीती आली नाही, लाज आली नाही. तिथे एक साधी खात्री होती, आई हे झाकेल याची. ती खात्री त्याला कुणी दिली, हे वहिनींना दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती.

"घर तुला कळतं की मला?" त्या म्हणाल्या. "दुसरं दाखवा म्हणावं त्याला."

---

टॅक्सीत एजंट पुढे बसून बोलत होता. या शहरात पत्ता शोधणं सोपं आणि पार्किंग शोधणं कठीण, लग्न जमवणं त्याहून सोपं, भाड्याचं घर जमवणं त्याहून कठीण. मागे वहिनी, मध्ये मुलगा, पलीकडे सून. मुलानं बायकोचा हात हातात घेतला होता. कुणालाही वाटावं, किती माया. वहिनी खाली बघत होत्या. त्यानं तिची करंगळी वेगळी धरली होती आणि मागे वाकवत होता, सावकाश, गाडी वळणं घेत होती त्या बेतानं. सून खिडकीबाहेर बघत होती. एका दुकानाची पाटी ती ओठ हलवत वाचत होती, पुन्हा पुन्हा, गाडी सिग्नलला थांबली होती तोवर.

वहिनींच्या डोक्यात हिशेब चालला होता. मधला मजला. खाली माणसं. जिन्यावर उघडणारी खिडकी. मग त्यांना फळ्यांची भिंत आठवली, रेडिओ आठवला, जिन्यात उभी राहिलेली नर्स आठवली. आयुष्यभर त्या ऐकू येईल असं घर शोधत हिंडल्या. ऐकणाऱ्यांनी ऐकलंही. आणि ऐकणारीनं समोर येऊन विचारलं तेव्हा त्यांनी पाणी गार येतं का म्हणून विचारलं.

"हात सोड तिचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उकडतंय. सोड हात."

त्यानं सोडला. करंगळी लाल होती. सुनेनं ती हळूच मांडीखाली घेतली.

---

दुसरं घर मध्यम वस्तीत होतं, मधल्या मजल्यावर. मालकीणबाई खालीच राहायच्या. रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानामागून जिना वर जायचा. गळ्यात साखळीला चष्मा लटकावलेली, बुटकी, तुरुतुरु चालणारी बाई. तिनं स्वतः घर दाखवलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात भुंगा लागलाय, तो आधीच सांगून टाकला. शेगडीजवळचं बटण कधीकधी दोनदा दाबावं लागतं. समोरच्या बिऱ्हाडात एक म्हातारं जोडपं राहतं, म्हातारबुवा गाणं म्हणतात, गळा वाईट आहे पण वेळ ठरलेली आहे.

"मी काही लपवत नाही," ती म्हणाली. "नंतर कटकट नको. आता तुम्ही सांगा. माणसं किती?"

"आम्ही दोघं," मुलगा म्हणाला. "आई अधूनमधून येईल."

"कुत्रं, मांजर?"

"नाही."

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडे पाहिलं. "ओठाला काय झालं गं?"

"टॅक्सीचं दार लागलं," मुलगा म्हणाला.

"मी तिला विचारलं."

"टॅक्सीचं दार लागलं," सून म्हणाली. तोच सूर, तेच शब्द.

मालकीणबाईंनी चष्मा पुन्हा छातीवर सोडला. "बरं. हे बघा, तुम्ही माझ्या डोक्यावर राहणार. मला दुपारी जरा पडायची सवय आहे. सामान सरकवणं, आपटाआपटी, आदळआपट मला चालत नाही. आधीचे बिऱ्हाडकरू त्याच्यावरूनच गेले. मी तेवढं एकच बघते."

"त्याची काळजीच करू नका," मुलगा हसून म्हणाला. आवाज इतका मऊ की एजंटनंही मान डोलावली. "आम्ही शांत माणसं आहोत. आईला विचारा. एवढी घरं केली आम्ही, एकाही मालकाची तक्रार नाही. सांग ना आई."

तो आईकडे वळला. चेहऱ्यावर तेच लहानपणचं काहीतरी होतं, परीक्षेच्या आधी नजरेनं धीर मागणारं. वहिनींना त्या क्षणी त्याची फार माया आली. हे पोर टेबलाखाली डोळे मिटून बसलं होतं. यानं आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला तो आईसाठी, आणि तो फरशीवर मारला होता.

आता नुसतं हो म्हणायचं होतं. घर चांगलं होतं. खाली बाई होती, समोर म्हातारा गाणारा होता. संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या असत्या, महिन्याच्या शेवटी गोळ्यांची डबी आली असती. इथे एक रेडिओ आला असता.

"आई?" मुलगा म्हणाला.

"आम्ही शांत माणसं नाही," वहिनी म्हणाल्या.

एजंटचा जुडगा फिरायचा थांबला. मुलगा हसला, तेच न हलणारं हसू. "आई दमलीय. सकाळपासून उन्हात आहे. चल, खाली बसू जरा."

त्यानं त्यांचा दंड धरला. प्रेमानंच धरला. मग बोटं घट्ट झाली. वहिनींनी खाली पाहिलं. तीच जागा, तीच पकड, हात तेवढा वेगळा.

"सोड," त्या म्हणाल्या. "मी दमले नाही. मला बोलू दे."

मालकीणबाई एक पाऊल पुढे आली. त्यानं दंड सोडला. सून भिंतीपासून सुटून वहिनींच्या जवळ आली होती. कधी आली, कुणाला दिसलं नाही.

"बाई, तुम्ही तुमच्या घराचं सगळं सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. शब्द एकेक करून, वाळलेल्या विहिरीतून बादली ओढावी तसे येत होते. "आता आमचं ऐका. याचे वडील मला मारायचे. प्रत्येक शहरात, प्रत्येक घरात. बोटं मोडली, दात पाडला. मी एका मालकाला सांगितलं नाही, एका शेजारणीला सांगितलं नाही. विचारलं त्यांनाही नाही सांगितलं."

"आई, पुरे," मुलगा म्हणाला. आवाज आता मऊ नव्हता.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा बघायला मिळणार नाही अशा बेतानं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश पाहिलं. मग सुनेचा हात, लाल करंगळीचा, आपल्या हातात घेतला आणि मालकीणबाईंकडे तोंड केलं.

"घर द्या नाहीतर देऊ नका. हा माझा एकुलता एक मुलगा आहे. आणि हा बायकोला मारतो."